तितिकाकांकडे दोन दिवस

मराठी माणसाच्या प्रवासाची दिशा नातेवाइकांच्या पत्त्यावरून ठरते. मावशी इंदूरला असली की उज्जैनचा महाकाळ आपोआप पदरात पडतो. मेव्हण्याची बदली चंद्रपूरला झाली की ताडोब्याचा वाघ (दिसलाच तर) दिसतो. ज्या गावात आपलं कोणी नाही ते गाव नकाशात असलं काय आणि नसलं काय! त्यामुळे पेरू नावाच्या देशात जाण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पेरू म्हणजे तिखटमीठ लावून खायची वस्तू, एवढीच आमची ओळख. पण आमचा पुतण्या नोकरीच्या निमित्ताने लिमाला गेला आणि तिथून त्याचं टुमणं सुरू झालं, "काका, तुम्ही आणि काकू एकदा याच. इथे 'तितिकाका' नावाचं मोठं तळं आहे."

ज्या तळ्याच्या नावातच काका आहे तिथे परकेपणा कसला? सौभाग्यवतींनी तेवढ्यात पंचांग पाहिलं. "अहो, पण आपण तिथे असणार त्याच दिवसांत आषाढी येतेय. त्या मुलखात उपासाला काय मिळणार मला?"

हा प्रश्न मी प्रवासी कंपनीला विचारून पाहिला. पलीकडची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने मला विमानातली खिडकीजवळची जागा देऊ केली.

आता या काकांविषयी थोडंसं. तितिकाका समुद्रसपाटीपासून 3812 मीटर उंचीवर बसलेले आहेत. आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. म्हणजे एका कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली आणि तिच्यावर चढून टाचा उंचावल्या, तरी काकांचे पाय आणखी पाचशे मीटर वरच राहतात. विस्तार आठ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. अख्खा कोल्हापूर जिल्हा आत बुडवला तरी चारी बाजूंनी पाणी उरेल. खोली जास्तीत जास्त दोनशे ऐंशी मीटरांच्या आसपास. निम्मं तळं पेरूचं, निम्मं बोलिव्हियाचं, आणि अशी वाटणी होऊनही तळं अजून एकच आहे, हे कोणाही मराठी माणसाने थांबून पाहण्यासारखं.

तळ्याकाठी पुनो नावाचं गाव आहे. तिथे पोचलो आणि हॉटेलाच्या अवघ्या अकरा पायऱ्यांनी माझा निकाल लावला. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो. म्हणजे नेहमीसारखा श्वास घेतला तरी दुकानदाराने माप मारल्यासारखा प्राणवायू कमीच येतो. डोकं ठणकायला लागतं. या दुखण्याला तिकडे 'सोरोचे' म्हणतात. मध्यरात्री मी उठून खिडकी उघडली. खाली अंधारात तळं पसरलेलं होतं. माझ्या तोंडून नकळत उद्गार निघाला, "काका, मला वाचवा!"

"इतिहास सकाळी," सौ. म्हणाली. "आता झोपा."

सकाळी हॉटेलवाल्याने कोकाच्या पानांचा चहा दिला. चवीला तो आपल्याकडच्या गवती चहाच्या गरीब नातलगासारखा. पण दोन पेल्यांनंतर डोकं पुन्हा धडाला लागलं.

मोटारबोट निघाली. अर्ध्या तासात आम्ही उरोस लोकांच्या बेटांशी पोचलो. ही बेटं देवाने केलेली नाहीत, माणसांनी केलेली आहेत. तळ्यात तोतोरा नावाचं लव्हाळ्याच्या जातीचं, पुरुषभर उंचीचं गवत वाढतं. त्याच्या मुळांचे मातीसकट गुंतलेले जाड थर पाण्यावर तरंगतात. त्या थरांचे करवतीने मोठमोठे ठोकळे कापायचे, ते दोरांनी एकमेकांना बांधायचे आणि वर कापलेल्या तोतोराचे आडवे-उभे थर द्यायचे. झालं बेट! मग वाऱ्याने ते रातोरात बोलिव्हियात जाऊ नये म्हणून तळात खुंट मारून दोरखंडांनी जखडायचं. घरं तोतोराची, होड्या तोतोराच्या, आणि तोतोराच्या बुंध्याचा पांढरा गाभा सोलून खायचासुद्धा. म्हणजे भूक लागली तर माणूस अंगणाचा तुकडा मोडून तोंडात टाकतो. मीही टाकला. काकडीची आठवण काढून केलेल्या पाण्यासारखी चव.

बेटावर पहिलं पाऊल टाकताच गुडघ्यातून एक लहर गेली. ताज्या पिंजलेल्या गादीवर चपला घालून चालावं तसं वाटतं, आणि आई ओरडेल अशी उगीच भीती वाटते. स्वागताला एक बाई पुढे आल्या. पायघोळ रंगीत घागरा, दोन लांब वेण्या. वाटाड्याने आम्हांला आधीच शिकवून ठेवलं होतं की यजमान म्हणतील 'कामिसाराकी', म्हणजे कसं काय? त्यावर आपण म्हणायचं 'वालिकी', म्हणजे ठीक.

"कामिसाराकी?" बाई म्हणाल्या.

"वाली की?" सौ. माझ्याकडे वळून म्हणाली. "का सुग्रीव?"

ही भाषा आयमारा. उरोसांची स्वतःची जुनी भाषा केव्हाच बुडाली. बेटं मात्र तरंगत राहिली. ती कशी, ते बेटाच्या अध्यक्षांनी आम्हांला समजावून दिलं. हो, प्रत्येक बेटाला अध्यक्ष असतो. आपल्या सोसायटीच्या चेअरमनसारखाच, फक्त याच्या चेहऱ्यावर काळजी कमी होती. त्यांनी मुळांचा छोटा ठोकळा, दोरी आणि मूठभर तोतोरा घेऊन भातुकलीतलं बेट करून दाखवलं. खालचं गवत पाण्याने सतत कुजत असतं, म्हणून वर सतत नवीन थर घालायचा. पावसाळ्यात जास्त लवकर लवकर घालायचा. घातला नाही, तर घर खाली जायला लागतं.

"आणि दोन कुटुंबांचं पटलं नाही तर?" मी विचारलं. मराठी माणूस दुसरं काय विचारणार?

अध्यक्षांनी हसून कोपऱ्यातून एक हातभर लांब करवत आणून दाखवली. अगदीच पटलं नाही, तर बेट मधून कापायचं. नको असलेला शेजारी आपल्या घरासकट, कोंबड्यांसकट पलीकडे सोडून द्यायचा.

मी त्या करवतीकडे बराच वेळ आदराने पाहत राहिलो. आपल्याकडे हातभर बांधासाठी तीन-तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात. इथे दिवाणी दावा एका दुपारी निकालात निघतो आणि वर भुसासुद्धा वाया जात नाही! या जमिनीला सातबारा नाही. असणार तरी कसा? महिन्यापूर्वीची जमीन आज पाण्याखाली गेलेली, आणि आजची जमीन पुढल्या महिन्याला जाणार. तलाठ्याने नोंद करायची ती कशाची?

पण त्या कुजक्या-ओल्या वासाने मला एकदम आमच्या कोकणातल्या घराची आठवण झाली. आजोबा होते तोवर दर वैशाखात घर शाकारायचं. कौलं उतरवायची, पुसायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा चढवायची. आम्ही पोरं खाली रांगेत उभी राहून कौलं झेलायचो. पुढे मंडळी मुंबई-पुण्याला पांगली. घराचे कागद मात्र इतके चोख की पाहत राहावं. उताऱ्यावर अकरा नावं आहेत. छपरावर चढायला एकही माणूस नाही. एका पावसाळ्यात आढं खचलं. आज तिथे घर नाही. उतारा आहे.

आमच्या बोटीत एक सर्वज्ञ प्रवासी होते. असे गृहस्थ बोटीबरोबरच मिळत असावेत. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हे सगळं नाटक आहे. ही माणसं रात्री पुनोत पक्क्या घरांत झोपतात. हे फक्त तुमच्याआमच्या पैशासाठी."

त्यात थोडं तथ्य होतं. बेटावर सौरऊर्जेचे पत्रे होते, अध्यक्षांच्या कनवटीला मोबाइल होता, आणि तिथली मुलं शिकायला, माणसं कामाला पुनोला जातातच. विणलेले गालिचे, तोतोराच्या इवल्या होड्या यांचं दुकान तर आमच्या पायांशीच मांडलेलं होतं. पण म्हणून काय झालं? आपण गणपतीत पितांबर नेसतो आणि दुसऱ्या दिवशी पँट घालून लोकल पकडतो, म्हणून गणपती खोटा होत नाही. आणि नाटकाचं म्हणाल, तर पडदा पडल्यावर नेपथ्य गुंडाळून टेम्पोत घालता येतं. इथे नेपथ्य गुंडाळलं तर नट बुडतील. प्रवासी येवोत न येवोत, गवत कुजायचं थांबत नाही.

आणि हे हात नुसते देखाव्याचे नाहीत, याला साक्ष आहे. 1970 साली थोर हेयरडाल नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थांना गवताच्या नावेतून अटलांटिक ओलांडायचा होता. आदल्या वर्षीची नाव मुक्कामाआधीच मोडली होती. तेव्हा त्यांनी याच तळ्यावरचे, बोलिव्हियाच्या बाजूचे आयमारा कारागीर मोरोक्कोला नेले. त्यांनी बांधलेली 'रा दोन' सत्तावन्न दिवसांत बार्बाडोसला पोचली. आपल्याकडे नवी मोरी सत्तावन्न दिवस गळल्याशिवाय राहत नाही.

तिथून तीन तास बोट कापून आम्ही अमान्तानी बेटावर आलो. हे बेट चांगलं दगडामातीचं. इथे प्रवासी घराघरांतून वाटून दिले जातात. एकाच घराने सगळं गिळू नये म्हणून पाळ्या लावलेल्या. धक्क्यावर काळ्या, भरतकाम केलेल्या ओढण्या डोक्यावर घेतलेल्या बायका रांगेने उभ्या होत्या आणि वाटाड्या यादी वाचत होता. सून दाखवायच्या कार्यक्रमात नवरा मुलगा कसा बसतो तसा मी चेहरा करून उभा राहिलो. आम्ही ज्यांच्या वाट्याला आलो त्या बाई पन्नाशीच्या. त्यांनी आम्हांला एकदा नीट न्याहाळलं, 'चला आता, आहे ते आहे' अशी मान हलवली आणि चढावरून भराभर चालायला लागल्या. चालता चालता त्यांच्या हातात लोकरीची टकळी फिरत होती. आपल्याकडे टकळी चालते ती तोंडाची. मी तर दोन्ही प्रकारच्या टकळ्या बंद करून फक्त श्वास घेत होतो.

"यांना 'मामा' म्हणायचं," वाटाड्याने बजावलं होतं. केचुआ भाषेत मामा म्हणजे आई. तळं काका, यजमानीणबाई मामा! बेटावर दोन टेकड्या, त्यांच्या माथ्यांवर दोन प्राचीन देवस्थानं. एक पाचाताता, म्हणजे भूमीचा पिता, आणि दुसरी पाचामामा, भूमाता. 'पाचामामा' हे नाव मला तर आमच्या आजोळच्या एखाद्या तिरसट मामाचं वाटलं.

आता एकादशी. तोच तो दिवस होता. सौ. सकाळपासून पर्समधल्या राजगिऱ्याच्या दोन वड्यांवर होती. मामांनी चुलीपुढे बसवलं आणि ताटल्या आणल्या. पाहतो तर काय, उकडलेले बटाटे. पिवळे, जांभळे, काळपट, वाकडे, गोल. शेजारी ओका नावाचा गोडसर कंद, तळलेलं चीज आणि मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या पाल्याचा चहा.

सौ. ताटलीकडे पाहतच राहिली. "अहो, हे तर सगळं चालतं!"

चालणारच. बटाट्याचं मूळ माहेर हेच. याच डोंगरांत, या तळ्याच्या आसपासच्या मुलखात हजारो वर्षांपूर्वी माणसाने बटाटा पहिल्यांदा लावला. नुसता बटाटाच कशाला? शेंगदाणा याच खंडातला. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद याच खंडातला. खिचडीतली हिरवी मिरची आणि रताळंही अमेरिकेकडचंच. पोर्तुगीजांची गलबतं यायच्या आधी आपले वाडवडील एकादशीला काय खात होते ते पांडुरंगालाच ठाऊक. विठ्ठल आपला, उपास आपला. फराळ सगळा काकांकडचा!

एकच पेच उरला. वाटीत किन्वाचं सूप होतं. किन्वा धान्य की नाही? सौ.ने दाणे बोटांवर घेऊन तपासले. "राजगिऱ्याची बहीण दिसते," ती म्हणाली. तिचा वनस्पतिशास्त्राशी कधी संबंध आला नव्हता, पण निकाल बरोबर निघाला. दोन्ही एकाच कुळातली. त्या रात्री पंढरपूरपासून इतक्या लांब आम्ही एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण सार्थ केली.

जेवणानंतर मामांनी सौ.ला आपला घागरा नेसवला, कमरेला रुंद पट्टा असा आवळला की तिच्या तोंडून नऊवारीतला हुंकार निघाला. मला लोकरीचा पोंचो आणि कानटोपी. गावच्या दिवाणखान्यात बासऱ्या आणि ढोल सुरू झाले आणि सगळ्यांनी हात धरून फेर धरला. दोन फेऱ्यांत परदेशी तरुण पोरं भिंतीला टेकली. सौ.ने मामांचे दोन्ही हात धरले आणि थेट फुगडीच घातली. मामांना ती कोणी शिकवावी लागली नाही. चार हजार मीटरांच्या आसपास, पन्नाशीतल्या दोन बायका गरगर फिरत होत्या आणि मी एका कोपऱ्यात त्यांच्या वतीने धापा टाकत होतो.

रात्री सहा गोधड्यांच्या वजनाखाली मला झोप येईना. एक प्रश्न टोचत होता. या बाईंनी आपल्याला रांधून वाढलं, आपले कपडे नेसवले. उद्या आपण पैसे देणार. पैसे देऊन जेवलेला माणूस पाहुणा की गिऱ्हाईक? त्यांच्या घरात आपण आलो आहोत की त्यांच्या दुकानात?

सकाळी मी ठरलेले पैसे दिले. मामांनी ते दोनदा मोजून ओढणीच्या गाठीत बांधले. त्यात लाजण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही, मलाच उगीच वाटत होतं. मग सौ.ने पुनोच्या बाजारातून आणलेली तांदळाची पिशवी काढली. बेटावर भात पिकत नाही, तेव्हा जाताना तांदूळ-साखर न्या, असं आम्हांला सांगितलेलंच होतं. पण पिशवी तशीच हातात देणं सौ.ला जमेना. तिने ओंजळ भरली आणि खूण केली. मामांनी क्षणभर पाहिलं आणि आपल्या शालीची दोन टोकं धरून पुढे केली. त्यांचं सगळं ओझं, बटाटे, चारा, नातवंडं, त्या शालीतूनच जातं. त्यांना ती सवयीची. सौ.ने त्यात पाच ओंजळी तांदूळ घातले, वर साखरेचा पुडा ठेवला आणि कपाळाला कुंकू लावलं. ओटी भरली गेली.

मामा आत गेल्या. रिकामी झालेली पिशवी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा ती रिकामी नव्हती. तिच्यात चुन्यो होते. रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेले बटाटे. हे वर्षानुवर्षं टिकतात. कुरडया-पापडांची वाळवणं घालणाऱ्या बाईला त्याची किंमत समजावून द्यावी लागली नाही. भांडं रिकामं परत करू नये, हा नियम मामांना कोणी शिकवला कोण जाणे! माझा रात्रीचा प्रश्न त्या दोघींनी मला न विचारताच सोडवून टाकला होता.

तिथून तासाभरावर ताकिले बेट. धक्क्यापासून वर गावात जायला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. त्याविषयी मी बोलणार नाही. वर मात्र बाप्ये चौकात बसून सुयांनी टोप्या विणत होते! इथे बायका मागावर विणतात आणि टोप्या पुरुषांनी विणायच्या. युनेस्कोने या विणकामाचा 2005 साली मानवजातीच्या वारशांत समावेश केला आहे. लग्न झालेल्याची टोपी सबंध लाल, न झालेल्याची वरून पांढरी. म्हणजे पत्रिका, मध्यस्थ, 'मुलगा काय करतो' वगैरे भानगड नाही, लांबून टोपी पाहायची. होणारा सासरा म्हणे त्या टोपीत पाणी ओततो. गळलं तर मुलगा कच्चा. मी सौ.कडे पाहिलं. "आमच्या वेळी नुसते पोहे होते, नशीब," ती म्हणाली.

दोन गडी वाटेत भेटले तर हात मिळवत नाहीत. कमरेच्या विणलेल्या पिशवीतून कोकाची पानं काढून एकमेकांना देतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची चंची आठवली. कायदा तीन ओळींचा: चोरी करू नकोस, खोटं बोलू नकोस, आळस करू नकोस. पहिले दोन नियम जगात सगळीकडे लिहिलेले असतात. तिसरा लिहायचं धाडस फार थोड्यांनी केलं. आणि माझ्या मते बेटं तिसऱ्यावरच टिकलेली आहेत.

परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "काय पाहिलंत?" मी सांगितलं, तिथे लोक पायांखाली दर काही दिवसांनी नवी जमीन घालतात. मंडळींनी सहानुभूतीने मान हलवली. उंचीवर मेंदूला प्राणवायू कमी पडतो हे त्यांनी वाचलं असावं.

आमच्या सोसायटीची गच्ची चार वर्षं गळते आहे. खर्च वरच्या मजल्याने करायचा की सगळ्यांनी, यावर चार वार्षिक सभा झाल्या. यंदाच्या सभेत मी एवढंच सुचवलं की ज्यांना पटत नसेल त्यांनी आपापला फ्लॅट करवतीने कापून तळ्यात सोडावा. ठरावाला अनुमोदन मिळालं नाही. पण सभा संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर माझ्या दाराशी आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "डांबराचा एक डबा माझ्याकडे पडलाय. रविवारी मोकळे आहात?"